पृथ्वीचा कट-इन आणि कट-आउट घरबसल्या कसा काढायचा

कोल्ड रूममध्ये साडेतीन अंश आहे. कॉम्प्रेसर चालू असेल की बंद?

आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड मी २२ वर्षं शिकवला. दर वर्षी पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न फळ्यावर लिहायचो. निम्मी पोरं चालू म्हणायची, निम्मी बंद. उत्तर असं की एवढ्यावरून सांगताच येत नाही. कट-आउट (कॉम्प्रेसर बंद होतो ते तापमान) २ अंशाला आणि कट-इन (पुन्हा चालू होतो ते) ५ अंशाला लावला असेल, तर साडेतीनला दोन्ही शक्य आहे. खोली वरून गार होत आली असेल तर कॉम्प्रेसर चालू, खालून तापत आली असेल तर बंद. मधल्या ३ अंशांना आम्ही डिफरन्शियल म्हणतो.

गेल्या मे महिन्यात भाची रत्नागिरीला आली होती. बीएस्सीचं शेवटचं वर्ष, आणि प्रोजेक्टला विषय घेतलेला ‘स्नोबॉल अर्थ’, म्हणजे सगळी पृथ्वी बर्फाचा गोळा झाली होती तो काळ. रात्री जेवण झाल्यावर म्हणाली, “मामा, सूर्य तोच, हवा तीच, तरी पृथ्वी गोठलेलीही राहू शकते आणि आत्तासारखीही. हे कसं काय?” मी म्हटलं, “अगं, हा तर डिफरन्शियल आहे. कागद आण.”

त्या रात्री आणि पुढच्या दोन दिवसांत आम्ही जे केलं ते इथे लिहितोय. आलेख कागद, कॅल्क्युलेटर आणि कुठलीही स्प्रेडशीट एवढं पुरतं. गणित दहावीचं. एका ठिकाणी लॉग येतो, तो शीट काढून देते.

आधी आवक

पृथ्वीच्या अंतरावर सूर्याकडे तोंड करून ठेवलेल्या एका चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॉट पडतात. पृथ्वी गोल आहे. सूर्याला तिची फक्त थाळी दिसते, पण ती उष्णता पसरते सगळ्या गोलावर. गोलाचं क्षेत्रफळ थाळीच्या चौपट, म्हणून १३६१ ला ४ ने भागायचं: ३४०.२५. हा आकडा वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, सारखा लागणार आहे.

यातलं सगळं आत येत नाही. ढग, बर्फ आणि वाळवंट मिळून ३० टक्के परत फेकतात. या परत फेकण्याला आल्बेडो म्हणतात, आज तो ०.३०. म्हणजे आत येतात ३४०.२५ × ०.७० = २३८ वॉट.

मग जावक

गरम वस्तू उष्णता बाहेर टाकते, तापमानाच्या चौथ्या घाताने. २३८ वॉट टाकायला उघड्याबोडक्या गोळ्याला २५५ केल्विन, म्हणजे उणे १८ अंश तापमान पुरतं. आपल्या पृथ्वीची सरासरी मात्र १५ अंशांच्या आसपास आहे. हा ३३ अंशांचा फरक म्हणजे हवेची गोधडी: पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड वगैरे.

चौथा घात घेऊन बसलात तरी चालेल, पण मी सरळ रेषा घेतो. लेनिनग्राडच्या मिखाईल बुडिको यांनी १९६९ मध्ये तेच केलं होतं आणि ते फसवं नाही. तापमान वाढलं की हवेत वाफ वाढते आणि गोधडी जाड होते, त्यामुळे वर चढणारी वक्र रेषा बरीचशी सरळ होते. आमची रेषा अशी:

जावक = २०८ + २ × तापमान (सेल्सिअसमध्ये)

१५ अंशाला ही २३८ येते. आवकही २३८. हिशेब जुळला. खरं सांगायचं तर जुळावा म्हणूनच मी २०८ घेतला. हवामानवाले याला ट्यूनिंग म्हणतात, आम्ही गॅस चार्ज करताना गेज बघत बघत जे करतो तेच. त्या २ कडे मात्र लक्ष ठेवा. पृथ्वी एका अंशाने तापली की फक्त २ वॉट जास्त बाहेर जातात. नुसत्या दगडाचा गोळा असता तर पावणेचारच्या आसपास गेले असते. नाली अरुंद आहे.

आता बर्फ

खरी गंमत इथून पुढे. उघडा समुद्र जेमतेम ६ टक्के ऊन परत फेकतो, ताजं हिम ८० टक्क्यांच्या वर. गार झालं की बर्फ वाढतो, बर्फ वाढला की ऊन परत जातं, ऊन गेलं की आणखी गार. भाचीला हे पुस्तकात वाचून माहीत होतं, पण आकड्यात कसं बसवायचं ते अडलं होतं.

आम्ही ठरवलं की पृथ्वीची सरासरी १० अंशांच्या वर असेल तर आल्बेडो ०.३०. उणे १० च्या खाली गेली तर सगळं गोठलं, आल्बेडो ०.६२. मध्ये सरळ उतार: ०.४६ − ०.०१६ × तापमान. दोन्ही टोकांना घालून बघा, बरोबर बसतो. हे १० आणि उणे १० माझे आकडे आहेत, निसर्गाने सही करून दिलेले नाहीत. तुम्ही ५ आणि उणे १५ घ्या, उत्तराचे आकडे सरकतील, चित्राचा आकार तोच राहील.

शीटमध्ये यासाठी इफच्या आत इफ घालू नका, कंस मोजता मोजता डोळे जातात. मीडियन हे फंक्शन घ्या आणि त्यात तीन गोष्टी द्या: ०.३०, ०.६२ आणि तो उतार. मीडियन तिघांतला मधला निवडतं, म्हणजे वरचं आणि खालचं टोक आपोआप बांधलं जातं. ही युक्ती भाचीची, माझी नव्हे.

शीटला हात लावण्याआधी आलेख काढा

हे टाळू नका. आडव्या अक्षावर तापमान, उणे ५० ते अधिक ३०. उभ्या अक्षावर वॉट, १०० ते २७०. जावकेची रेषा पट्टीने ओढा. आवक वेगळ्या रंगाने काढा. डावीकडे १२९ वर (३४०.२५ × ०.३८) सपाट, उणे १० ला चढ सुरू, १० अंशाला २३८ वर पोचून पुन्हा सपाट. जिन्याची एक उंच पायरी दिसते.

सरळ रेषा त्या पायरीला तीन ठिकाणी कापते: १५ अंशाला, ७ अंशाला आणि उणे ३९ ला. तिन्ही ठिकाणी आवक आणि जावक समान, म्हणजे तिन्ही ठिकाणी पृथ्वी थांबू शकते, निदान कागदावर. आता प्रत्येक छेदाच्या जरा उजवीकडे बोट ठेवा. १५ च्या उजवीकडे जावक वर आहे, म्हणजे पृथ्वी गार होऊन परत येईल. उणे ३९ लाही तसंच. ७ च्या उजवीकडे मात्र आवक वर आहे. तिथून थोडं ढळलं की ढळतच जाणार. भाचीने त्या बिंदूभोवती लाल गोल काढला आणि बाजूला लिहिलं, ‘कौलाच्या आढ्यावरचा नारळ’. इकडे पडला तर अंगणात, तिकडे पडला तर परसात.

वर्षामागून वर्ष चालवायचं

आता शीट. पाच रकाने करा: वर्ष, तापमान, आल्बेडो, आवक, जावक. पुढच्या ओळीचं तापमान असं काढायचं:

आधीचं तापमान + ०.१५ × (आवक − जावक)

०.१५ कुठून आला? समुद्राचा वरचा ५० मीटरचा थर मी पृथ्वीचं भांडं म्हणून धरला. एका चौरस मीटरखाली ५० टन पाणी, ते एका अंशाने तापवायला सुमारे २१ कोटी ज्यूल. वर्षात सव्वातीन कोटींहून थोडे कमी सेकंद. भागाकार केला की ०.१५. म्हणजे १ वॉटची तफावत वर्षभर राहिली तर दीड दशांश अंश.

सूर्याची टक्केवारी (आज १००, आवक काढताना ३४०.२५ ला तिनेही गुणायचं), ०.६२, २०८ हे सगळं वर वेगळ्या चौकटींत ठेवा आणि सूत्रात त्यांना डॉलरचं कुलूप लावा, म्हणजे चौकटीच्या पत्त्यात $ चिन्ह घाला. नाहीतर सूत्र खाली ओढलं की शीट रिकाम्या चौकटी वाचते आणि सूर्य विझतो.

सुरुवातीचं तापमान ८ टाका. पुढच्या वर्षी ८.५, आणि हळूहळू १५. आता ८ खोडून ६ टाका. आमच्या शीटमध्ये आलेल्या ओळी जशाच्या तशा: ६, ५.५, ४.६, ३.४, १.५, उणे १.३, उणे ५.७, उणे १२.२, उणे २०.४. पहिल्या वर्षी अर्धा अंश उतरला, आठव्या वर्षी एका दमात आठ. त्यानंतर उतार मंदावतो आणि उणे ३९ ला जाऊन टेकतो. (वेग खरा मानू नका. समुद्र ५० मीटरवर संपत नाही, आणि पाणी गोठताना जी उष्णता सोडतं ती मी धरलेली नाही. बर्फ फॅक्टरीत ज्याने एक लादी जमायला किती तास लागतात ते पाहिलंय त्याला हे सांगायला नको.)

इथे माझी फजिती सांगतो. ओळी वाचवाव्यात म्हणून मी आधी दहा-दहा वर्षांची उडी घेतली होती, म्हणजे ०.१५ च्या जागी १.५. तापमान आलं १४, १७.३, १०.७, २३.८, उणे २.३, आणि पुढे अशक्य काहीतरी. मला वाटलं केवढा मोठा शोध लागला, पृथ्वी थरथरतेय! तासभर ते भाचीला समजावून सांगितलं, तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, “मामा, पायरी लहान करून बघ ना.” पृथ्वी थरथरत नव्हती, माझी उडी मोठी होती. दर उडीला पृथ्वी समतोल ओलांडून आधीपेक्षा लांब पलीकडे पडत होती. तुमच्याकडे आकडे एकाआड एक वर-खाली व्हायला लागले तर आधी हेच तपासा.

दोन सेटिंग शोधायच्या

आता सूर्य कमी करत न्यायचा, अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने, दर वेळी शंभर ओळी चालवून. एकच नियम: मागच्या वेळी तापमान जिथे संपलं तिथूनच पुढची फेरी सुरू करायची. दर वेळी १५ वरून सुरू केलंत तर अर्धं उत्तर हातातून गेलं. सगळे इथेच चुकतात, कारण शीटमध्ये सुरुवातीचा आकडा तसाच पडून राहतो.

९८ टक्क्यांना १२.७ अंश. ९७ ला ११.५. ९६ ला १०.३. अजून सगळं सुरळीत, टक्क्याला सव्वा अंशाच्या आसपास उतरतंय. ९५.५ टाका. पहिली काही वर्षं काहीच घडत नाही, पारा दहाच्या आसपास रेंगाळतो आणि मग खाली कोसळतो, थेट उणे ४२. बुडिको आणि त्याच वर्षी अमेरिकेत स्वतंत्रपणे हेच गणित मांडणारे विल्यम सेलर्स, दोघांनाही सूर्य काही टक्के मंदावला तरी पृथ्वी गोठते असंच दिसलं होतं.

आता सूर्य परत १०० वर आणा. उणे ३९. १२० वर न्या, उणे २६. १४० वर, उणे साडेतेरा. सूर्य दीडपटीकडे चाललाय आणि बर्फ ढिम्म हलत नाही. १४५ ला उणे १०.३. १४६ टाकला की सुटतो, आणि थांबतो कुठे? ७० अंशांवर. गोठायला ९५.७ आणि वितळायला १४५.४, असे हे दोन आकडे. हाच पृथ्वीचा डिफरन्शियल, निदान आमच्या शीटमधल्या पृथ्वीचा.

भाचीच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं म्हणे, “सूर्य ११० टक्के असेल तर तापमान किती?” तिने विचारलं, “सर, कुठल्या बाजूने आलोय?” २७ किंवा उणे ३३, दोन्ही बरोबर.

मग पृथ्वी सुटली कशी?

हा प्रश्न पडतो, कारण ती खरोखर गोठली होती. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या फ्लिंडर्स डोंगररांगांतले हिमनद्यांनी टाकलेले थर तपासले, तर खडकातलं चुंबकत्व सांगतं की ते थर साचले तेव्हा ती जागा विषुववृत्ताजवळ होती. त्या काळात अशी मोठी गोठणी दोनदा झाली. पहिली ७१.७ कोटी वर्षांपूर्वी सुरू होऊन ६६ कोटींच्या आसपास संपली, दुसरी ६३.५ कोटी वर्षांपूर्वी संपली. त्या काळी सूर्य आजच्यापेक्षा ६ टक्के फिका होता. आणि आमची शीट सांगते सुटायला १४५ टक्के सूर्य हवा! बरीच वर्षं हाच युक्तिवाद होता की एकदा गोठली तर पृथ्वी कधीच सुटली नसती, म्हणून ती गोठलीच नसणार.

१९९२ मध्ये जोसेफ कर्शविंक यांनी बोट ठेवलं ते ज्वालामुखींवर, ‘स्नोबॉल अर्थ’ हे नावही त्यांचंच. वर बर्फ असला तरी ज्वालामुखी बंद पडत नाहीत, ते कार्बन डायऑक्साइड सोडत राहतात. एरवी तो जातो कुठे? हे कळायला आम्हा रत्नागिरीकरांना लांब जावं लागत नाही. घराची भिंत जांभ्याची, विहीर खोल खणली की खाली काळा दगड. पाऊस हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पडतो आणि काळ्या दगडाला खातो. दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्याबरोबर समुद्रात जातं, तिथे चुन्याच्या खडकात तो वायू अडकतो, आणि मागे उरतो लोखंडाने लाल झालेला जांभा. आमच्या सड्यावरचा एकेक चिरा म्हणजे हवेतून किती वायू धुतला गेला त्याची पावती आहे. पृथ्वी गोठली की पाऊस नाही, दगड झिजत नाही, वायू साचत जातो, काही दशलक्ष वर्षं.

गोठण्यामागेही तोच काळा दगड असावा असा एक तगडा अंदाज आहे. ७१.७ कोटी वर्षांच्या सुमारास आजच्या उत्तर कॅनडात लाव्हाचा प्रचंड लोट आला. तो भाग तेव्हा उष्ण कटिबंधात होता. ताजा बेसॉल्ट, म्हणजे तोच काळा दगड, आणि धो धो पाऊस.

शीटमध्ये हे घालायला २०८ च्या जागी २०८ − ५.३५ × लॉग(पट) लिहा. लॉग नैसर्गिक, शीटमध्ये एलएन. पट म्हणजे कारखानदारी सुरू होण्याआधीच्या २८० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग कार्बन डायऑक्साइड) किती पट. दुप्पट केलं तर ३.७ वॉट आणि आमच्या पृथ्वीवर पावणेदोन अंशांहून थोडी जास्त वाढ. आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा, मधला अंदाज ३ अंश आहे, कारण ढग आणि बाकीच्या भानगडी आमच्या शीटमध्ये नाहीत.

सूर्य ९४ टक्के करा आणि पट कमी करत या. दुपटीच्या जरा वर असेपर्यंत पृथ्वी तग धरते, २.१ च्या आसपास गोठते. आता उलट, पट वाढवा. नामिबियात काम केलेल्या पॉल हॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये बर्फ सुटायला आजच्या ३५० पट वायू लागेल असा अंदाज दिला होता. ३५० टाका. उणे २७.६. सुटत नाही!

सूत्रात चूक झाली म्हणून आम्ही तास घालवला. चूक नव्हती. एकतर ५.३५ चं सूत्र लहान बदलांसाठीचं आहे, ३५० पटीला ते ताणलं जातं. दुसरं म्हणजे संशोधकांच्या मोठ्या मॉडेलांनाही हा बर्फ सुटता सुटत नव्हता. मग काही जणांचं लक्ष गेलं धुळीकडे. लाखो वर्षं बर्फावर ज्वालामुखीची राख आणि वाऱ्याची माती साचत राहिली, आणि बर्फ पांढरा उरलाच नाही.

हे मला लगेच पटलं, कारण बंदरावर रोज दिसतं. मासळीसाठी आणलेली लादी उन्हात राहिली तर स्वच्छ भाग चमकत राहतो आणि जिथे लाल माती लागलीय तिथे खळगा पडतो. भाचीचा विश्वास बसावा म्हणून गच्चीवर दोन थाळ्यांत एकाच ट्रेमधला चुरलेला बर्फ सारखा पसरला आणि एकीवर चिमूटभर कोळशाची पूड भुरभुरली. तुम्हीही करा, फक्त चकचकीत पारदर्शक खडे घेऊ नका, बर्फ नीट चुरून पांढरा करा. पारदर्शक बर्फातून ऊन थेट थाळीपर्यंत जातं आणि मग तुम्ही बर्फ नाही, थाळी तपासत बसता. फॅक्टरीच्या लादीचं पोट पांढरं दिसतं ते आत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांमुळे, आणि ऊन परत फेकायचं काम तेच बुडबुडे करतात. कोळशाची थाळी आधी पाण्याने भरली.

तर शीटमध्ये ०.६२ चा ०.५० करा आणि उतार ०.४० − ०.०१ × तापमान असा बदला, हे विसरलात तर पायरी तुटते. सूर्य ९४ टक्के, वायू ३५० पट. आवक १६०, आणि उणे १० ला जावक १५७. जेमतेम ३ वॉट, पण तेवढे पुरतात. पारा उणे १० ओलांडतो आणि मग तोच जिना उलट्या दिशेने चढतो, साडेतेवीस अंशांपर्यंत. एकटा वायू पुरला नाही, एकटी धूळही पुरत नाही (पट १ ठेवून बघा, उणे २४), दोन्ही मिळून सुटलं.

या शीटमध्ये अख्खी पृथ्वी एका तापमानाची आहे, ध्रुव नाही की विषुववृत्त नाही. विषुववृत्ताभोवती उघड्या पाण्याचा पट्टा शिल्लक होता की नव्हता, हा वाद भूशास्त्रज्ञांत अजून चालू आहे आणि त्यावर आमचे पाच रकाने काहीच बोलू शकत नाहीत. त्यासाठी अक्षांशांचे पट्टे करावे लागतात, प्रत्येकाला वेगळं ऊन आणि शेजारच्या पट्ट्याशी उष्णतेची देवाणघेवाण. बुडिको आणि सेलर्स यांनी तेच केलं होतं. त्या प्रकारच्या गणितात बर्फाची कड ३० अंशांच्या आसपास, म्हणजे हरिद्वारच्या अक्षांशापर्यंत उतरली की पुढे थांबत नाही. भाची आता १८ पट्ट्यांची शीट करतेय. काल रात्री फोन आला होता, दक्षिण गोलार्ध उत्तरेपेक्षा दोन अंश गरम येतोय आणि कुठे चुकलंय ते सापडत नाहीये. मी सांगितलं, डॉलरची कुलपं तपास.